ओमेगावरचा पूल : ‘मास इफेक्ट २’मधल्या बदलांचा एक प्रकरण अभ्यास

डिचोलीत आमचा एक रविवारचा गट आहे. बहुतेक जण साखळीच्या किंवा फर्मागुडीच्या कॉलेजात शिकणारे, काही नुकते नोकरीला लागलेले. मी पर्वरीला सॉफ्टवेअर तपासणीचे काम करते; वयाने मोठी म्हणून सगळे मला ताई म्हणतात. या मुलांनी विज्ञानकथेवर बेतलेला एक छोटा रोल-प्लेइंग गेम बनवला आहे. ज्यांनी तो खेळून पाहिला त्यांची तक्रार जवळपास एकच होती: लढण्यापेक्षा सामान आवरण्यातच वेळ जातो. दुसऱ्या भागाची आखणी सुरू झाली तसे गटात दोन तट पडले. मयेचा मुलगा म्हणाला, इन्व्हेंटरी, म्हणजे गोळा केलेल्या सामानाची यादी, काढूनच टाकू या. साखळीच्या मुलीला ते अजिबात पटेना. “मग तो नुसता गोळीबाराचा गेम होईल रे. माझं पात्र माझं आहे हे मला कशावरून कळायचं?”

हाच वाद एका मोठ्या कंपनीत पूर्वी होऊन गेला आहे, आणि त्याचा निकाल आज कुणालाही खेळून पाहता येतो. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरने २००७ मध्ये ‘मास इफेक्ट’ आणला आणि जानेवारी २०१० मध्ये ‘मास इफेक्ट २’. दोन्हींचे दिग्दर्शन केसी हडसन यांचे. दुसऱ्या भागाच्या गेमप्लेची रचना सांभाळणाऱ्या क्रिस्टिना नॉर्मन यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये व्याख्यान दिले, त्याचे शीर्षकच मुळी ‘माझी इन्व्हेंटरी गेली कुठे?’ अशा अर्थाचे होते. खेळाडू पहिल्यांदा काय विचारणार हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तेव्हा वाद थांबवून दोन्ही भाग शेजारी शेजारी खेळायचे ठरले. पहिल्या भागाची मूळ पीसी आवृत्ती गटातल्या एकाच्या खात्यावर होती, दुसरा भाग आम्ही २०२१ च्या लेजेंडरी एडिशनमधून, म्हणजे तिन्ही भागांच्या सुधारून काढलेल्या संचातून, घेतला. अख्खा गेम तपासायला गेलो असतो तर पावसाळा पुरला नसता, म्हणून दुसऱ्या भागातली एकच मोहीम बारकाईने पाहायची असे मी सुचवले: ओमेगा या अंतराळस्थानकावरून आर्केंजलला सोडवून आणण्याची. या एका मोहिमेत जवळजवळ सगळे बदल एकमेकांना टेकून उभे आहेत. कथेतल्या काही गोष्टी पुढे उघड होणार आहेत. ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी आधी खेळावा, मग हे वाचावे.

पहिल्या भागाचे ओझे

पहिला ‘मास इफेक्ट’ फार मोठ्या मनाचा गेम आहे. आकाशगंगेच्या नकाशावर एखादा अनोळखी ग्रह निवडायचा, माको नावाच्या सहा चाकांच्या गाडीतून त्यावर उतरायचे आणि दूरच्या क्षितिजाकडे निघायचे, हा अनुभव आजही फार थोडे गेम देतात. पण लढाई आणि सामान या दोन गोष्टींत त्याची दमछाक होते.

सामानाचे उदाहरण घ्या. प्रत्येक शत्रूकडून, प्रत्येक पेटीतून बंदुका, चिलखते, गोळ्यांचे प्रकार आणि बंदुकीला जोडायचे भाग मिळत जातात. एकच बंदूक एक ते दहा अशा पायऱ्यांनी येते. पाचव्या पायरीची रायफल हातात असताना चौथ्या पायरीच्या रायफली मिळत राहतात, आणि त्या सगळ्या एका लांबलचक यादीत जाऊन बसतात. यादीची मर्यादा १५० वस्तूंची. ती भरत आली की एकेक वस्तू निवडून ती मोडून तिचे ओम्नी-जेल नावाचे कामचलाऊ द्रव्य करायचे, नाहीतर विकायची. यात विचार करण्यासारखे फारसे काही नसते. मोठा आकडा ठेवायचा आणि लहान टाकायचा, एवढेच काम पुन्हा पुन्हा.

लढाईतला घोळ वेगळा आहे. तिथे नेम खेळाडूने धरायचा, पण तो किती अचूक बसेल ते पात्राच्या गुणांवर ठरते. स्नायपर रायफलमध्ये गुण टाकले नसतील तर दुर्बिणीतले दृश्य असे हलते की समोर उभा असलेला शत्रूही हुकतो. कागदावर हे बरोबर वाटते, कारण पात्र शिकाऊ आहे म्हणून नेम चुकतो. पण माऊस माझ्या हातात आहे, मी नेम बरोबर धरला आहे, आणि तरी गोळी भलतीकडे जाते. फाशांवर चालणाऱ्या खेळात हे खपते, कारण तिथे हाताचे कौशल्य मध्ये येत नाही. इथे ते येते. साखळीच्या मुलीने याआधी बंदुकीचा गेम हातात घेतलेला नव्हता, आणि पहिल्या भागात चूक आपली की पात्राची हेच तिला कळेना. माझ्या मते पहिल्या भागाचा सगळ्यात खोल दोष हाच. सामानाच्या यादीचा त्रास डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चर्चा जास्त होते, इतकेच.

आणखी एक बारीक गोष्ट. अनुभवाचे गुण पहिल्या भागात मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे मिळतात, आणि माकोत बसून मारले तर कमी मिळतात. म्हणून जाणते खेळाडू माकोतून शत्रूला अर्धमेला करतात, मग खाली उतरून शेवटची गोळी पायी घालतात. कुठलाही सैनिक असे वागणार नाही. पण नियम त्याला तसे वागायला शिकवतो.

पुलावरची लढाई

आता ओमेगा. हे कायदा नसलेले स्थानक. आर्केंजल नावाच्या एका नेमबाजाने तिथल्या तीन भाडोत्री टोळ्यांना, म्हणजे ब्लू सन्स, ब्लड पॅक आणि इक्लिप्सला, इतके सतावले आहे की एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या टोळ्या एकत्र येऊन त्याला घेरून बसल्या आहेत. तो एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर अडकलेला, समोर एकच पूल. शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते मुख्य पात्र, भाडोत्री सैनिक असल्याचे भासवून टोळ्यांच्या तळावर शिरतो आणि मग पुलावरून पलीकडे जाऊन आर्केंजलच्या बाजूने उभा राहतो.

मोहिमेवर निघण्याआधी पहिला बदल दिसतो. सामानाची यादी नाहीच. कोणती बंदूक न्यायची, सोबत कोण दोघे येणार, एवढेच ठरवायचे. मोहिमेत नवी बंदूक सापडली तर ती कायमची आपली. एकाच प्रकारच्या दहा बंदुका गोळा होत नाहीत. चिलखताचे भाग शेपर्डच्या अंतराळजहाजावरच्या स्वतःच्या खोलीत बदलायचे, सुधारणा तिथेच मॉर्डिन या शास्त्रज्ञ साथीदाराच्या प्रयोगशाळेत करून घ्यायच्या. मयेच्या मुलाचा चेहरा उजळला. साखळीची मुलगी मात्र गप्प होती.

टोळ्यांच्या तळावर फिरताना दोन गोष्टी हाती लागतात. एका बाजूच्या खोलीत इक्लिप्सचा यमिर नावाचा अवजड यंत्रमानव ठेवलेला असतो. त्याची आज्ञाप्रणाली फिरवून ठेवली तर पुढे लढाईत तो इक्लिप्सच्याच लोकांवर गोळ्या झाडतो. दुसरीकडे ब्लू सन्सचा मेकॅनिक कॅथ्का गनशिप, म्हणजे तोफा लावलेले उडते वाहन, दुरुस्त करत असतो. त्याच्याशी बोलता बोलता पडद्यावर एक लाल खूण क्षणभर चमकते. बटण दाबले तर शेपर्ड त्याच्याच हत्याराने त्याला विजेचा झटका देतो, दुरुस्ती अर्धवट राहते, आणि शेवटी येणारी गनशिप कमजोर असते. नाही दाबले तर तो जिवंत राहतो आणि गनशिप पूर्ण ताकदीने समोर येते.

संवादात मध्येच हस्तक्षेप करण्याची ही सोय दुसऱ्या भागात नवी आली. तिच्यामुळे संवादाचा नूरच बदलतो. पहिल्या भागात संभाषण म्हणजे पर्याय वाचायचे, निवांत निवडायचे. इथे हात बटणावर ठेवूनच ऐकावे लागते. साखळीच्या मुलीने बटण दाबले नाही. “तो दुरुस्ती करतोय नुसती, त्याला कशाला मारू?” मयेच्या मुलाने आपल्या खेळात दाबले. पुढे गनशिप आली तेव्हा दोघांच्या लढाईतला फरक अख्ख्या गटाने पाहिला. बोलताना घेतलेला निर्णय लढाईत येऊन भिडतो, हे आम्हाला इथे पहिल्यांदा नीट दिसले.

मग प्रत्यक्ष पूल. आधी भाडोत्री फुटकळ सैनिक येतात, त्यांच्यामागून इक्लिप्स: यंत्रमानव, शिल्ड असलेले सैनिक, पुढे यमिर. त्यानंतर ब्लड पॅक तळघराच्या वाटेने घुसते, खाली जाऊन एकेक शटर बंद करत फिरावे लागते, आणि जाताना एका साथीदाराला आर्केंजलजवळ ठेवायचे की दोघांनाही सोबत न्यायचे ते ठरवावे लागते. शेवटी ब्लू सन्सचा म्होरक्या तारक गनशिप घेऊन येतो.

या तीन टोळ्या म्हणजे नव्या लढाईचे धडे आहेत. दुसऱ्या भागात शत्रूच्या आरोग्यावर संरक्षणाचे थर असतात: शिल्ड, बॅरियर किंवा आर्मर. ते उतरवायला पात्रांच्या खास शक्ती, म्हणजे पॉवर, वापरायच्या: शिल्डवर ओव्हरलोड चालते, आर्मरवर आग आणि वॉर्प, बॅरियरवरही वॉर्प. थर उतरेपर्यंत शत्रूला हवेत उचलणे किंवा खेचणे जमत नाही. त्यात भर म्हणजे प्रत्येक पात्राच्या सगळ्या पॉवरना मिळून एकच कूलडाउन, म्हणजे एक वापरल्यावर पुढचीसाठी थांबण्याचा वेळ, आहे. मिरांडा या साथीदाराने ओव्हरलोड टाकले की काही सेकंद तिला वॉर्प टाकता येत नाही.

साखळीची मुलगी अडेप्ट खेळत होती, म्हणजे बायोटिक शक्तींवर (हात न लावता वस्तू-माणसे हलवणाऱ्या) भिस्त असलेला वर्ग. पहिल्या भागात तिने शिल्ड असलेल्या शत्रूंनाही हवेत तरंगवले होते, कारण तिथे लिफ्टला (हवेत उचलणाऱ्या पॉवरला) शिल्डची अडकाठी नाही आणि प्रत्येक पॉवरचे कूलडाउन वेगळे. एकामागून एक सगळ्या टाकायच्या, शत्रू हवेत, काम फत्ते. दुसऱ्या भागात इक्लिप्सच्या सैनिकावर तिने पुल ही हवेत खेचणारी पॉवर टाकली आणि काहीच झाले नाही. ती खरेच रागावली. मग हळूहळू तिने क्रम शोधला: मिरांडाकडून ओव्हरलोड, शिल्ड गेले, आता आपली पुल, माणूस हवेत, त्याच्यावर वॉर्प. हवेतल्या शत्रूवर वॉर्प बसली की स्फोट होतो आणि आजूबाजूचेही कोलमडतात. ब्लड पॅकचे व्होर्चा या परग्रही जमातीचे सैनिक आले तेव्हा मिरांडाचे ओव्हरलोड निकामी ठरले. व्होर्चांच्या जखमा आपोआप भरतात. आगीने ते भरणे थांबते, म्हणून जेकब या दुसऱ्या साथीदाराच्या आगीच्या गोळ्या कामाला आल्या. पुढे क्रोगन ही दुसरी, धिप्पाड परग्रही जमात आली, ते आर्मरवाले.

कोणी तिला हे वाचून दाखवले नव्हते. तीन टोळ्यांनी एकामागून एक येऊन शिकवले. ही मोहीम मी निवडली ती याचसाठी. पॉवरची संख्या कमी, त्यांच्या पायऱ्या कमी, पातळीची मर्यादाही ६० वरून ३० वर आणलेली. कागदावर पाहिले तर सगळीकडे कात्रीच दिसते. पण पुलावर उभे राहिल्यावर दर काही सेकंदांनी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर लगेच कळते. पहिल्या भागात निर्णय यादीत होते, लढाई संपल्यावर घ्यायचे. दुसऱ्या भागाने ते उचलून लढाईच्या मधोमध आणून ठेवले. नेमही आता खेळाडूचाच. गुण टाकायचे ते पॉवरमध्ये, आणि चौथ्या पायरीवर प्रत्येक पॉवरला दोन वाटांपैकी एक घ्यावी लागते. साखळीच्या मुलीला तिचे पात्र सापडले ते इथे. बंदुकीचा आकडा किती यावरून तिला आपले पात्र ओळखू येत नव्हते. आधी पुल टाकून मग वॉर्प टाकणारी ती, हे तिला कळले.

अनुभवाचे गुणही आता मोहीम संपल्यावर एकरकमी मिळतात. किती मारले याला किंमत नाही. त्यामुळे माकोतून उतरून शेवटची गोळी पायी घालण्यासारखी वागणूक आपोआप संपली.

जे आम्हाला खटकले

सगळेच बदल असे जमून आलेले नाहीत. थर्मल क्लिपचे पाहा. पहिल्या भागात बंदुकीला गोळ्यांचा तुटवडा नाही, पण सतत झाडली तर ती तापते आणि थंड होईपर्यंत थांबावे लागते. दुसऱ्या भागात उष्णता शोषणाऱ्या क्लिपा आल्या, म्हणजे व्यवहारात मर्यादित गोळ्या. त्यामुळे आडोसा सोडून पुढे जावे लागते, पडलेल्या क्लिपा उचलाव्या लागतात, लढाईला हालचाल येते. हा फायदा खरा आहे. पण कथेत पहिला भाग २१८३ सालचा आणि दुसरा २१८५ सालचा. इतक्या थोड्या काळात अख्ख्या आकाशगंगेने न संपणारी बंदूक टाकून संपणारी बंदूक घेतली, हे गेममधले स्पष्टीकरण वाचूनही गळी उतरत नाही. लेजेंडरी एडिशनमध्ये बायोवेअरने क्लिपा अधिक मिळतील अशी व्यवस्था केली, यावरून मूळ तुटवडा त्यांनाही जास्त वाटला असावा.

पीसीवर एकाच बटणाने धावायचे, आडोशाला चिकटायचे आणि दारही उघडायचे, ही सोय आम्हाला फार नडली. शटरकडे धावताना शेपर्ड भिंतीला जाऊन चिकटतो आणि मागून क्रोगन येतो.

सर्वांत कठीण पातळीवर जवळजवळ प्रत्येक शत्रूला संरक्षणाचा थर असतो. तिथे अडेप्टची निम्मी शक्ती बराच वेळ बाजूला पडते. सोप्या पातळीवर जो नियम निवड करायला लावतो, तोच कठीण पातळीवर एका वर्गाची निवड हिरावून घेतो. नियम तोच ठेवून संख्या वाढवली की काय होते याचे हे चांगले उदाहरण, आणि आमच्या गटाने ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.

संवादाबद्दलही एक तक्रार. पहिल्या भागात गोड बोलणे आणि धाक दाखवणे ही वेगळी कौशल्ये होती, त्यांत गुण टाकावे लागत. म्हणजे चांगले बोलायचे तर लढाईत थोडे कमी पडायचे. दुसऱ्या भागात ती काढून टाकली आणि पॅरागॉन (समजूतदार) किंवा रेनेगेड (दांडगट) यांतला आपला कल सरळ संवादाची दारे उघडू लागला. लढाई आणि वाणी यांतली कुचंबणा संपली, हे बरे झाले. पण त्यातून दुसराच त्रास निघाला: सतत एकाच बाजूला झुकणाऱ्याला सगळी दारे उघडी, प्रसंग पाहून वागणाऱ्याला काही बंद. मिरांडा आणि जॅक या दोन साथीदारांचे भांडण मिटवताना हे बोचते. तिसऱ्या भागात, २०१२ मध्ये, दोन्ही बाजूंची कमाई एकाच प्रतिष्ठेत जमा होऊ लागली आणि हा गुंता बराच सुटला.

ग्रहांची खाण

माझे सगळ्यात जास्त मन दुखले ते ग्रहांच्या बाबतीत.

माको काढून टाकली. तिच्याबद्दल तक्रारी होत्याच: डोंगरावर चढताना ती उलटीपालटी व्हायची, अनोळखी ग्रहांवरचे तळ एकाच साच्यातून काढलेले. दुसऱ्या भागात त्याऐवजी ग्रहाभोवती फिरत खनिज शोधायचे आले. पडद्यावर ग्रह, त्यावर एक वर्तुळ, ते सावकाश सरकवायचे, बाजूच्या आलेखात काटा उसळला की खनिज काढणारे छोटे यान, म्हणजे प्रोब, सोडायचा. इरिडियम, पॅलेडियम, प्लॅटिनम, एलिमेंट झिरो. मग पुढचा ग्रह, आणि पुन्हा तेच.

हे खनिज कशाला लागते ते विसरता कामा नये. जहाजाचे जड चिलखत बसवायला १५,००० पॅलेडियम लागते, आणि ते बसवले नाही तर अखेरच्या मोहिमेच्या वाटेवर जॅक मरते. इतकी मोठी गोष्ट या कामावर अवलंबून आहे. तरीही काम करताना निर्णय एकही नसतो. यादी आवरण्याचे कंटाळवाणे काम पहिल्या भागातून काढले आणि दुसऱ्या नावाने परत आणले. यादी आवरताना निदान हातातल्या बंदुकीकडे बघावे तरी लागे.

डिचोलीत बसून हे खेळताना आणखी काही जाणवते. आमच्या तालुक्याने लोहखनिज काय असते ते पाहिले आहे. रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा, मांडवीतून जाणारे बार्ज, पावसाळ्यात लाल पाण्याने भरलेले खंदक. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा गटातल्या अनेकांच्या घरची मिळकत थांबली. या मुलांना खाण म्हणजे फक्त नाश असे कोणी सांगू शकत नाही, आणि फक्त कमाई असेही नाही. म्हणून मयेच्या मुलाने स्क्रीनकडे बघत विचारले, “ताई, एवढं सगळं काढून घेतल्यावर त्या ग्रहाचं काय होतं?”

काहीच होत नाही. प्रत्येक ग्रहाबद्दल लिहिलेला मजकूर मात्र सुंदर आहे: त्याचे हवामान, तिथे कोण येऊन गेले, कोणी काय शोधले. तो वाचायचा, मग ग्रह पोखरायचा, खनिज संपल्याची नोंद झाली की निघायचे. लिहिणाऱ्यांनी ग्रहाला इतिहास दिला आणि नियम करणाऱ्यांनी त्याला नुसते कोठार केले. पहिल्या भागातल्या माकोखाली निदान जमीन होती. ग्रह फिरण्यासाठी दिले होते, आणि फिरण्यातून एकटेपणा, विस्तार, भीती या भावना येत होत्या. माकोची चाके सुधारायला हवी होती. बायोवेअरने गाडीच काढली आणि जमीनही सोबत गेली. पुढे हॅमरहेड नावाचे तरंगते वाहन जोड-पॅकमधून आले, पण त्याच्या मोहिमा मोजक्या आणि वेगळ्या पडलेल्या.

लढाईत बायोवेअरने जुने ओझे काढताना निर्णय दुसरीकडे नेऊन ठेवले. शोधमोहिमेत ओझे काढले, पण निर्णय कुठेच नेले नाहीत. आमच्या गटातला वाद मला इथे सुटताना दिसला.

अखेरची मोहीम आणि पात्रांची वाटणी

ओमेगावर सुटका होते तो आर्केंजल म्हणजे पहिल्या भागातला साथीदार गॅरस. गनशिपच्या हल्ल्यात तो मरता मरता वाचतो आणि पुढे जहाजावर राहतो. दुसऱ्या भागात साथीदार गोळा करणे आणि त्यांची निष्ठा मिळवणे हाच कथेचा कणा आहे, आणि जुन्या रोल-प्लेइंगमधली पात्र घडवण्याची हौस इथे नव्या जागी आली आहे. आपल्या एका पात्राचे आकडे वाढवण्याऐवजी दहा-बारा माणसांची पारख करायची.

अखेरच्या मोहिमेत ही पारख कामाला येते. चिंचोळ्या वाटेतून कोण जाणार, दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व कोणाकडे, बायोटिक कवच कोण धरणार. मिरांडा म्हणते, तत्त्वतः कोणताही बायोटिक कवच धरू शकेल; म्हणून तिच्यावरच विसंबलात तर सोबतचा एक जण गमावता. निष्ठा मिळवलेली असेल तर जॅक किंवा समारा ही दुसरी साथीदार ते निभावून नेतात. चुकीच्या वाटणीने माणसे मरतात, आणि खूपच कमी उरली तर शेपर्डही मरतो. गावच्या जत्रेच्या नाटकात पात्रे वाटताना जसे चालते तसेच हे: मुख्य भूमिका मागायला सगळेच पुढे येतात, पण कोणाचा आवाज पहाटेपर्यंत टिकतो ते वर्षभर त्यांच्यासोबत राहिलेल्यालाच ठाऊक. जहाजावर फिरून माणसांशी बोललेला खेळाडू बरोबर वाटणी करतो. ज्याने संवाद वगळले त्याचे साथीदार पडतात.

‘मास इफेक्ट २’ रोल-प्लेइंग राहिला नाही असे म्हणणारे आजही आहेत. अखेरच्या मोहिमेतले हे तासभर त्यांनी पुन्हा खेळावे असे मला मनापासून वाटते. आकड्यांची जागा माणसांच्या पारखीने घेतली, आणि भूमिका निभावण्याचा तो जास्त खोल प्रकार आहे. २०११ च्या बाफ्टा पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळाला, त्याचे मला अजिबात नवल वाटत नाही.

पुढे बायोवेअरने काय केले

तिसऱ्या भागात लंबक थोडा मागे आला. बंदुकांना जोडायचे भाग परतले, पण यादीच्या स्वरूपात नव्हे. प्रत्येक बंदुकीला वजन दिले आणि वजन वाढले की पॉवरचे कूलडाउन लांबू लागले. एकच पिस्तूल घेऊन निघणाऱ्या अडेप्टला पॉवर भराभर टाकता येतात. रायफल, शॉटगन सगळे लादून गेलात तर थांबत बसा. सामान परत आले आणि या वेळी त्याच्या पोटात निर्णय होता.

त्याहून बोलकी गोष्ट २०२१ ची. लेजेंडरी एडिशनमध्ये पहिल्या भागाची डागडुजी केली तेव्हा बायोवेअरने त्यातली इन्व्हेंटरी काढली नाही. वस्तूंवर भंगाराची खूण करून सगळे एकदम विकण्याची किंवा जेल करण्याची सोय दिली, यादी क्रमाने लावता येऊ लागली. नेमातली ती डळमळ काढली. माकोची चाल सुधारली, आणि माकोतून मारल्यावर गुण कमी मिळण्याचा नियमही गेला. म्हणजे २०१० मध्ये जिथे कात्री लावली, तिथे २०२१ मध्ये सुई-दोरा पुरला.

आमच्या गेमपुरते

गटाने पुढच्या आवृत्तीसाठी जे ठरवले ते असे. आमच्या गेममधल्या गावात पेटारा राहील, त्यात मिळालेले सगळे ठेवता येईल, एकाच वस्तूच्या दहा पायऱ्या नसतील. मोहिमेवर निघताना मोजक्याच वस्तू निवडायच्या आणि त्यांचे वजन पॉवरच्या वेगावर परिणाम करणार. शत्रूंच्या तीन जमाती असतील आणि त्या पहिल्यांदा एकेकट्या समोर येतील, म्हणजे प्रत्येकीचा धडा वेगळा मिळेल. किती मारले यावर गुण नाहीत.

खनिजाचा भाग मयेच्या मुलाने स्वतःकडे घेतला आहे. त्याच्या आराखड्यात प्रत्येक खाणीजवळ वस्ती आहे. थोडे काढले तर वस्तीला काम मिळते, जास्त काढले तर विहिरी आटतात आणि पुढच्या फेरीत तिथले दुकान बंद असते. अजिबात काढले नाही तर तरुण माणसे वस्ती सोडून जातात. किती काढायचे ते खेळाडूने दर वेळी ठरवायचे. इन्व्हेंटरी सरसकट काढून टाकायला निघालेला हाच मुलगा आता सगळ्यांत गुंतागुंतीचा नियम लिहितो आहे, आणि साखळीची मुलगी त्याच्या आकड्यांची तपासणी करते आहे.

एका मुद्द्यावर दोघांचे अजून जमलेले नाही. ‘मास इफेक्ट २’मध्ये काही मोहिमांच्या मधल्या टप्प्यावर शस्त्रांचे कपाट सापडते आणि तिथे बंदुका बदलता येतात. तिचे म्हणणे, शेवटच्या लढाईआधी असे कपाट हवेच, नाहीतर नवख्या खेळाडूला सुरुवातीच्या एका निवडीसाठी अख्खी मोहीम पुन्हा खेळावी लागेल. त्याचे म्हणणे, कपाट ठेवले तर निघतानाच्या निवडीला अर्थच उरत नाही. पुढच्या चाचणीत आम्ही दोन्ही प्रकार बनवणार आहोत: अर्ध्या खेळाडूंना कपाट असलेली मोहीम, अर्ध्यांना नसलेली, आणि बंदुकीचा गेम कधीच न खेळलेल्यांना दोन्हीकडे सारखे वाटून.